मूळ ध्वनी

वेंझू झेराफा बोलण्याआधी खोकायचा.
दोनदा. मग एक थांबा,
तेवढ्यात मैदानातले दहा हजार लोक
श्वास आवरून धरायचे.
मी पक्षाच्या वाहिनीवर ध्वनी जुळवते, एकवीस वर्षं.
ते दोन खोकले मी कधी कापले नाहीत.
कुणी सांगितलं नव्हतं. चांगले होते ते.

माल्टात पक्ष स्वतःच्या वाहिन्या पाळतात.
समोरच्यांच्या वाहिनीने त्याचा एकच फोटो जपला:
तोंड उघडं, दातात काहीतरी हिरवं अडकलेलं.
बातमी बंदराच्या कंत्राटाची असो
की त्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची,
तेच तोंड, तेच हिरवं.
आमच्याकडे तो बारा महिने बाळं उचलायचा.

सज्जन होता असं मी म्हणत नाही.
माझ्या बापाची कॅरोबची सात झाडं
त्याच्याच सहीने रस्त्याखाली गेली,
भरपाईचा कागद अजून आईच्या शिवणाच्या डब्यात आहे.
बंदराचे पैसे कुठे मुरले
ते बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पण शिस्तपालन समितीने पैशांचं विचारलंच नाही.
अकरा मिनिटं. मी होते तिथे, माइक लावायला.
लांब टेबल, पाण्याचे सात ग्लास,
त्याच्यासमोर एकही नाही.
"समोरच्या वाहिनीवर बोललात?"
"बोललो."
"परवानगी घेतली होती?"
तो खोकला. दोनदा.
अध्यक्षीणबाईंनी घड्याळ पाहिलं,
यांना त्यानेच बोटाला धरून पक्षात आणलेलं.
या वेळी त्या थांब्यात कुणी श्वास धरला नाही.
माझा मात्र सवयीने धरला गेला.

सोमवारी निरोप:
वर्धापनदिनाला जुन्या सभा दाखवायच्या आहेत,
त्याचा आवाज काढा. चित्र चालेल, दुरून.
मी काढला.
नीट ऐका, मी काढला.
घराचा हप्ता, मुलीच्या दातांच्या तारा.
आवाज काढायला कात्री चालत नाही,
पिठातून मीठ वेचावं तसं ते काम,
मिठाबरोबर थोडं पीठ जातंच.

रविवारी मार्साश्लोकच्या धक्क्यावर
तो मासळीच्या रांगेत दिसला, लाम्पुकी घ्यायला.
समोरच्या पक्षाच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली.
आमचे दोघे, नाझू आणि त्याचा मेव्हणा,
होड्यांवर रंगवलेले डोळे
जन्मात पहिल्यांदा बघावेत तसे बघत राहिले.
एका पोराने फोन वर धरला,
तशी त्याने तोंड घट्ट मिटलं.

मग माझ्याजवळ येऊन, हळू:
"झेय्तूनच्या सभेत तू होतीस ना?
मी भर भाषणात आकडा चुकलो,
आणि बायको व्यासपीठामागून हसली. मोठ्याने.
असती तर मागितलं नसतं.
तेवढं हसू मिळेल का?"

लेखी अर्ज करा, म्हणाले मी.
मग मलाच माझी लाज वाटली. म्हटलं, बघते.

रात्री बघितलं.
हसू त्याच्या आवाजाला चिकटून होतं,
त्याच्याबरोबरच गेलं.
मूळ फीत मार्चमध्ये पुसून पुन्हा वापरलेली,
नोंदवहीत सही माझी.
उरलंय ते हसण्याच्या आधीचं:
चुकलेल्या आकड्यानंतर
एका बाईने हसायला आत घेतलेला श्वास.
अर्धा सेकंद.
किती वेळा ऐकला ते सांगत नाही.

पाकिटात घालून ठेवलाय.
वर नाव काय घालावं, सुचत नाही.